घट्ट केलेला घडीचा चाकू पुन्हा ढिला का होतो: दोष कुठे आहे आणि कोणतं काम अखंड चाकूचं

तक्रार नेहमी एकाच क्रमाने येते. घडीचा चाकू नवा असतो तेव्हा उघडला की 'कट्ट' करून बसतो. चार-सहा महिन्यांनी पातं डावी-उजवीकडे हलायला लागतं. स्क्रू आवळला की आठवडाभर बरं वाटतं, मग परत तेच. आणखी आवळला तर पातं उघडायला जड जातं आणि टोकाशी तरीही हलतंच. इंदूरकडे ही तक्रार वर्षातून दोनदा उसळते, उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी करून झाल्या की आणि थंडीत गराडू (मालव्यातला जाड सालीचा कंद) सुरू झाला की. हा योगायोग नाही. या दोन्ही कामांत पातं अडकतं, आणि अडकलेलं पातं सोडवायला मनगट आपोआप वळतं. चाकूला कापण्याने काही होत नाही, त्या वळण्याने होतं.

घडीचा चाकू म्हणजे मधोमध सांधा असलेला चाकू. ज्याचं पातं मिटत नाही, मुठीत कायमचं बसवलेलं असतं, त्याला इथे अखंड चाकू म्हणू. घरातली सुरी त्यातलीच. सांधा आहे तिथे प्ले, म्हणजे ढिलं हलणं, येणारच, फक्त तो कशामुळे आला हे नीट शोधलं तर निम्म्याहून जास्त चाकू घरीच दुरुस्त होतात. उरलेल्यांत चाकूचा दोष नसतो, त्याला दिलेलं कामच चुकीचं असतं.

आधी प्ले ओळखा

पातं पूर्ण उघडा, लॉक बसू द्या. मूठ तळहातावर घ्या आणि बोटं दोन्ही बाजूंना ठेवा. खाचेवरून बोटं गुंडाळू नका, लॉक निसटलं तर पातं तिथेच येतं. दुसऱ्या हाताच्या चिमटीत पातं टोकापासून साधारण २ सेंमीवर, पाठीकडून धरा.

डावी-उजवीकडे हलवून पाहा. हललं तर तो आडवा प्ले. त्याचं मूळ खीळ (पातं ज्यावर फिरतं तो मधला दांडा), वॉशर किंवा पात्याच्या भोकात असतं. मग वर-खाली हलवा. इथे हललं तर उभा प्ले, आणि तो लॉकचा असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. लॉकच्या प्लेसाठी खिळीचा स्क्रू आवळत बसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

पुष्कळदा पातं हलतच नसतं, मूठच हलते. मुठीच्या दोन फळ्या जोडणारे छोटे स्क्रू सुटलेले असतात आणि बोटांना ते पात्याचं हलणं वाटतं. म्हणून आधी हे स्क्रू तपासा, मग मधल्या खिळीकडे जा. आणि चाकू मिटलेला असताना पातं थोडं एका बाजूला झुकलेलं दिसलं, पण लायनरला (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीला) घासत नसेल, तर त्याला हात लावू नका.

आडवा प्ले: नेलपॉलिशची रेघ

हा प्ले पुन्हा पुन्हा येण्याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत. एक, स्क्रू उघड-मीट होताना हळूहळू फिरून सैल होतो. दोन, स्क्रू जागचा हललेला नाही, पण आतलं वॉशर किंवा भोक झिजलंय. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

ओळखायला नेलपॉलिश पुरे. स्क्रू बरोबर बसवून झाल्यावर त्याच्या डोक्यावरून मुठीपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढा आणि वाळू द्या. पुढे प्ले आला की आधी रेघ पाहा. तुटलेली किंवा सरकलेली असेल तर स्क्रू फिरलाय, त्याला लॉकटाइट (स्क्रूच्या आट्यांना लावायचा गोंद) लागेल. रेघ अखंड असेल तर आणखी आवळणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. अशा वेळी चाकू उघडून वॉशर पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

बहुतेक चाकूंचे स्क्रू सहा पाकळ्यांच्या तोंडाचे असतात. मुठीचे टी-६, खिळीचे टी-८. मोबाइल दुरुस्तीच्या सेटमध्ये दोन्ही मिळतात, इंदूरच्या जेल रोडवर असा सेट सहज मिळेल. त्यात ॲलन की घुसवू नका. ती बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच जोरात पाकळ्या गोल करून टाकते. स्क्रू हलतच नसेल तर कारखान्यातच लॉकटाइट लावलेलं असतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, मग फिरवा. मूठ प्लास्टिकची असेल तर आयर्न फक्त स्क्रूलाच लागेल हे बघा.

स्क्रू काढला की आट्यांतलं तेल स्पिरिटने पूर्ण पुसा. तेलकट आट्यांवर लॉकटाइट धरत नाही, आणि 'लावूनही सुटला' असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं चुकतं ते इथेच. निळं, म्हणजे २४३ नंबरचं घ्या. इतक्या बारीक स्क्रूला जांभळं २२२ त्याहून चांगलं, मिळालं तर. लाल कधीही नको, ते पुन्हा काढायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि तोवर पात्याचं पाणी (तापवून-बुडवून पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच थेंब घ्या आणि शेवटच्या दोन-तीन आट्यांनाच लावा. जास्त झालं तर ते वॉशरपर्यंत ओघळतं आणि पातं चिकटून बसतं.

आता आवळणं. पातं अडखळेपर्यंत स्क्रू आवळा, मग अष्टमांश फेरा मागे घ्या. उघडा, आडवं हलवून पाहा. हलतंय? षोडशांश फेरा पुढे. बरोबर जागा सापडली की पातं स्वतःहून गळून पडणार नाही आणि अंगठ्याला जडही लागणार नाही. २४ तास तसंच ठेवा. लॉकटाइट दहा-वीस मिनिटांत धरल्यासारखं वाटतं, पण त्याची पूर्ण ताकद दुसऱ्या दिवशी येते. नेलपॉलिशची रेघ त्यानंतर.

रेघ अखंड आणि प्ले मात्र आहे

चाकू उघडा. आत पात्याच्या दोन्ही बाजूंना पातळ चकत्या, म्हणजे वॉशर, दिसतील. त्या पितळी रंगाच्या असल्या तर फॉस्फर ब्राँझच्या, पांढऱ्या-काळ्या असल्या तर नायलॉन किंवा टेफलॉनच्या. ब्राँझची चकती वर्षानुवर्षं टिकते, नायलॉनची एका कडेला दबते. बोटाच्या पेरावर घेऊन उजेडात तिरपी धरा. दबलेली चकती एका बाजूला चकचकीत आणि पातळ दिसते, कधी कडेला मिशी फुटल्यासारखी पसरलेली असते.

एकाच कडेला ती का दबते? हिशोब सरळ आहे. पातं ८ सेंमी लांब धरा. टोकाशी आडवा ५ किलोचा जोर दिला, म्हणजे फणसाच्या किंवा गराडूच्या फोडीत अडकलेलं पातं सोडवायला मनगट थोडं वळवलं, तर खिळीवर ४० किलो-सेंमीचं पीळ येतं. ते पेलायला आत चकतीचा जेमतेम १ सेंमी व्यास आहे. म्हणजे चकतीच्या एका कडेवर ४० किलोच्या घरातला दाब, तोही केसाएवढ्या रेघेवर. नायलॉन दबणारच. ब्राँझ दबलं नाही तर मुठीच्या आतला दीड मिलिमीटरचा लायनर वाकतो.

चकत्या बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या एकाच जाडीच्या हव्यात, नाहीतर पातं एकीकडे झुकेल. कंपनीच्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत टेफलॉनची पातळ शीट विचारा. तिच्यातून कागदाला भोकं पाडणाऱ्या पंचने आधी आतलं भोक पाडा, मग कात्रीने बाहेरचा गोल कापा. उलट्या क्रमाने केलं तर भोक कधीच मध्यावर येत नाही.

चकत्या ठीक आहेत, तरी हलतंय, तर पात्याचं भोक लांबट झालं असेल. खीळ भोकात घालून लांबीच्या दिशेने हलवून पाहा. पात्याच्या पाठीवर हातोडी मारून काही फोडलं असेल तर भोक हमखास ओढलेलं निघतं. हे घरी दुरुस्त होत नाही. चांगला फिटर भोक रीमरने मोठं करून जाड खीळ घालू शकतो, पण भोकाभोवती उरलेलं पोलाद त्याने आणखी कमी होतं. घडीच्या चाकूचं पातं मोडतं ते बहुधा याच भोकाजवळ. मग अशा चाकूला पुढे फक्त हलकं काम.

स्क्रूऐवजी रिव्हेट असलेले जुन्या पद्धतीचे चाकू वेगळे. त्यांना ठोकून घट्ट करतात. रिव्हेटचं एक डोकं जाड लोखंडावर टेकवा, पातं आणि बोल्स्टरच्या (मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याच्या) मध्ये वहीच्या कागदाचा एक पदर घाला, १००-२०० ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोडीने दुसऱ्या डोक्याच्या कडेकडेने हलके ठोके द्या. मध्यावर ठोका देऊ नका. तीन-चार ठोके, मग उघडून पाहा, मग पुन्हा. एका दमात दहा ठोके दिले तर चाकू जाम होतो आणि सोडवता सोडवता रिव्हेटच बदलायची वेळ येते.

उभा प्ले आणि निसटणारं लॉक

इथे हयगय नको. आडवा प्ले त्रासदायक असतो, उभा प्ले बोट कापतो.

लायनर लॉकमध्ये मुठीतली एक पातळ पट्टी आत वळून पात्याच्या बुडाला टेकू देते. पातं उघडून खालच्या बाजूने उजेडात पाहा. बुडाची जाडी मनातल्या मनात चार भागांत वाटा. नव्या चाकूत पट्टी पहिल्या-दुसऱ्या भागापर्यंत सरकलेली असते. वापराने ती हळूहळू पुढे जाते, हे ठरलेलंच आहे आणि लॉक तसंच बनवलेलं असतं: बुडाचा उतार सात-आठ अंशांचा असतो, झीज भरून काढायला पट्टी त्यावर पुढे चढत राहते. पलीकडच्या लायनरला टेकली की मात्र पुढे जागा उरत नाही. त्या दिवसापासून उभा प्ले येतो आणि लॉकचं आयुष्य संपतं. काही चाकूंत स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिच्यावर येऊन थांबतं ती सळी) बदलता येते. ०.१ मिमी जाड पिन घातली तर पातं थोडं आधीच थांबतं आणि पट्टीला पुन्हा वाव मिळतो. पिन ठोकून बसवलेली असेल तर तो मार्ग बंद.

मनगटाच्या झटक्याने चाकू उघडण्याच्या सवयीने ही झीज झपाट्याने होते. दर झटक्याला पातं स्टॉप पिनवर आपटतं आणि पट्टी उतारावर आणखी खोल घुसते. अंगठ्याने उघडा, चाकू कितीतरी पट टिकेल.

पट्टी पुरेशी पुढे येते, तरी लॉक निसटतं? मग पट्टीचं टोक आणि बुडाचा उतार स्पिरिटने पुसा. तेल नेमकं इथे पोचलेलं असतं. खिळीला तेल हवं, लॉकच्या तोंडाला कधीच नको. उलट लॉक फार घट्ट बसून सोडताना अंगठा दुखत असेल तर त्या तोंडावर पेन्सिलीचं शिसं दोन रेघा घासा. बस्स. कानस लावू नका. कानशीने उताराचा कोन बदलतो, आणि कोन बिघडलेलं लॉक वरून घट्ट दिसतं, दाब आला की सटकतं.

मागे कमानी (स्प्रिंगची पट्टी) असलेल्या लॉकबॅकमध्ये केसभर उभा प्ले नव्यातही असतो. तो वाढला तर आधी खाच साफ करा. खिशातला कापसाचा भुगा, सुपारीची पूड, कांद्याचं वाळलेलं साल तिथे साचतं आणि कमानीचा दात पूर्ण खाली बसत नाही. टूथपिक आणि कोमट साबणाचं पाणी पुरतं.

स्विस पद्धतीच्या, लॉक नसलेल्या चाकूत फक्त कमानीचा दाब पातं धरून ठेवतो. १८९७ पासून तो असाच बनतो आणि उत्तम चालतो, फक्त त्याने भोसकायचं नाही.

ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या लाकडी मुठीच्या चाकूची पावसाळ्यातली तक्रार उलटी असते. पातं जाम होतं. ढिलं काहीच नसतं, लाकूड फुगलेलं असतं. पक्कड लावू नका, उन्हातही ठेवू नका, मूठ तडकेल. पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या आणि मिटलेला चाकू मुठीच्या मागच्या टोकावर टेबलाच्या कडेला हलका आपटा, पातं नखात धरण्याइतकं बाहेर येतं. वाळल्यावर मुठीला आणि पातं मिटतं त्या फटीत अळशीचं तेल द्या. याचं फिरणारं लोखंडी कडं मात्र नेमाने फिरवत चला. १९५५ साली ते आलं ते बोटं वाचवायलाच.

दुरुस्ती झाली की लॉकची परीक्षा घ्या. पात्याची पाठ टेबलावर आपटून पाहण्याची पद्धत पुष्कळ जण सांगतात. ती करू नका, चांगलं लॉक त्याने खराब होतं. त्याऐवजी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वर फडक्याची घडी ठेवा. पात्याची पाठ टोकाजवळ काट्यावर टेकवा, मूठ खालून तळहातावर, बोटं खाचेपासून दूर. हळूहळू ४ किलोपर्यंत दाबा. टोकाशी ४ किलो म्हणजे लॉकच्या तोंडावर, खिळीपासून ८ मिमीवर, ४० किलो. दाब धरूनच मूठ किंचित पिळा. काही लॉक सरळ दाबाला टिकतात आणि पिळल्यावर सुटतात. सुटलं तर तो चाकू लॉक नसलेला समजून वापरा.

गराडू, कैरी, लिंबू

गराडूचं साल जाड आणि मातीने भरलेलं असतं. मालवा म्हणजे काळी चिकट माती, ती सालीच्या सुरकुत्यांत बसते. कापलं की आतून बुळबुळीत चीक येतो, आणि माती त्या चिकात कालवून खिळीच्या फटीत शिरते. वाळल्यावर तो लेप पॉलिशपेपरसारखा चकत्या घासतो. घडीच्या चाकूने गराडू करायचाच असेल तर आधी ब्रशने धुऊन कोरडा करा, आणि फोडी करताना पातं अडकलं तर वळवू नका. फोड पाटावर आपटून फोडा किंवा पातं आलं त्याच वाटेने मागे ओढा. मोठ्या कंदाला मुळात सुरी किंवा विळीच हवी.

कैरीतली अडचण कोय. पातं कोयीत रुततं. लोणच्याच्या फोडींना कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता असतो तो याचसाठी.

पोह्यांवर पिळायला लिंबू कापलं, चाकू न धुता मिटून ठेवला, आणि महिन्याने तो करकरायला लागला, हेही नेहमीचं. 'स्टेनलेस आहे, गंजणार कसा?' स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. चकतीखालच्या फटीत हवा पोचत नाही, आंबट रस आणि मीठ मात्र पोचतं. तिथे थर तुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून आंबट कापल्यावर चाकू उघडाच नळाखाली धरा, मिटून-उघडून पाणी खिळीतून जाऊ द्या, झटका, पुसा, उघडाच वाळू द्या.

तेल कोणतं? शेंगदाण्याचं, सरसोंचं नको, ते काही आठवड्यांत चिकट गोंद होतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात. सकाळी चाकू उघडत नाही म्हणून स्क्रू ढिला केला, दुपारी तो हलायला लागला, असे प्रकार खोबरेलामुळे होतात. खाण्याच्या वस्तू कापायच्या चाकूला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन सगळ्यात बरं. एक थेंब खिळीला, एक पुसट हात पात्याला. इतर चाकूंना शिवणयंत्राचं तेल चालेल.

अखंड चाकू किती मजबूत?

आडव्या जोराला पात्याची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. रुंदी तीच ठेवून २ मिमीचं पातं ४ मिमीचं केलं की ते मोडायला चौपट जोर लागतो, वाकायला आठपट. पण घडीच्या चाकूत पातं जाड करून उपयोग नाही, कारण मोडण्याआधी सांधा हार मानतो. अखंड चाकूत पात्याचंच पोलाद शेपूट होऊन मुठीत १०-११ सेंमी जातं आणि तोच जोर एका चकतीऐवजी पूर्ण मुठीवर वाटला जातो. लाकूड चिरणं, नारळातलं खोबरं उचकणं, कंद फोडणं ही कामं म्हणून त्याची. स्वस्त अखंड चाकू या कामांना महागड्या घडीच्या चाकूपेक्षा बरा, एवढं निःशंक म्हणता येतं.

धार टिकण्याचा मात्र याच्याशी संबंध नाही. धार पोलादावर आणि पाणी कसं दिलंय यावर टिकते. स्विस चाकूंचं पोलाद रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५५-५६ च्या आसपास, डी-२ पोलादाचं पातं ६० च्या आसपास. डी-२ ची धार जास्त दिवस टिकते, पण तेच पातं उचकटायला वापरलं तर टोक तुटतं, वाकत नाही. ट्रकच्या पाट्यापासून लोहाराने केलेला चाकू धार लवकर सोडेल, पण धक्का सोसेल, आणि गंजेलही.

आणि अखंड चाकू 'कायमचा' असतो हाही गैरसमजच. त्यालाही एक सांधा आहे, तो मुठीत लपलेला असतो. विकत घेताना मुठीच्या कडेने पोलादाची रेघ शेवटपर्यंत दिसते का ते पाहा. नसेल दिसत तर शेपूट बहुधा लहान आहे. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्यांत ती ३-४ सेंमीच असते. पात्यावर नखाने टिचकी मारा. स्वच्छ टणत्कार आला तर मूठ घट्ट, बद्द आवाज आला तर आत हवा किंवा गंज. पातं जिथे शेपटीत अरुंद होतं तो कोपरा गोलाई दिलेला हवा. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यात ताण साठतो आणि चाकू तिथेच मोडतो.

सुरीची मूठ पुन्हा पुन्हा ढिली होत असेल तर ती बहुधा भांड्यांबरोबर पाण्यात पडून राहते. लाकूड फुगतं, वाळतं, रिव्हेटभोवती फट पडते, आत शेपूट गंजते. राळ-लाखेने बसवलेल्या मुठी गरम पाण्यात टाकूच नका, लाख ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. दुरुस्ती करायची तर मूठ पूर्ण काढा. शेपटीवरचा गंज ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडून काढा आणि पोलाद खरखरीतच राहू द्या, मग स्पिरिटने पुसा. दोन भागांचं, २४ तासांत वाळणारं इपॉक्सी लावा. पाच मिनिटांत वाळणारं सोयीचं, पण पाण्यात कमी टिकतं. ४ मिमी पितळी सळीच्या खिळ्या घाला आणि शिकंजा बेताने आवळा. फार आवळला तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. शेपूट गॅसवर लाल करून मुठीत ठोकायचा झटपट उपाय करू नका, उष्णता पात्यापर्यंत चढते आणि पाणी उतरतं.

टोक तुटलं तर, चाकू कुठलाही असो, शिकलगाराला पाठीकडून घासून नवं टोक काढायला सांगा, धारेकडून नाही. पातं मिटल्यावर टोक आतच राहायला हवं. आणि तो कोरड्या चाकावर धरून ठेवत असेल तर थांबवा. दर दोन-तीन फटक्यांनी पातं पाण्यात बुडवलं पाहिजे. कडेला आधी गवती पिवळा रंग दिसतो, मग जांभळा, मग निळा. निळा दिसला म्हणजे ३०० अंशांच्या जवळ गेलं आणि तेवढ्या भागाची धार पुढे टिकणार नाही.

बाहेर नेताना

चोरल, पाताळपाणीकडे सहलीला, बाफल्यांसाठी (बाटीसारखा मालवी पदार्थ) लाकडं चिरायला अखंड चाकू हवा असेल तर १०-१२ सेंमी पातं आणि ४ मिमी जाडी भरपूर होते. मध्य प्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेनुसार ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार शस्त्र सार्वजनिक ठिकाणी बाळगणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतं. बटन दाबताच स्प्रिंगने उघडणारा चाकू तर पातं कितीही लहान असलं तरी. खिशात असला चाकू ठेवू नका, आणि अखंड चाकू म्यानात, पिशवीच्या तळाशी न्या.

घरी आणल्यावर चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं पावसाळ्यात दमट होतं आणि कमावतानाचे क्षार पात्यावर डाग पाडतात. पुसून, पॅराफिनचा हात देऊन, मेणकागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवा, म्यान वेगळं.